जंगल कुणाच्या हद्दीत?

दांडेलीहून परतलेल्या माणसाला धारवाडात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वाघ दिसला का?" नाही म्हटले, की विचारणाऱ्याचा चेहरा असा पडतो, जणू आपण पंढरपूरला जाऊन पांडुरंगाचे दर्शन न घेताच परत आलो. मग तोच आपल्याला धीर देतो. "ताडोबाला जा एकदा. तिथं नक्की दिसतो." हा संवाद मी लाइन बझारात, मालमड्डीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत इतक्या वेळा ऐकला आहे, की आता मला त्याचा वीट आला आहे. शंभर पिढ्यांनी वाढवलेले रान आपल्या घरापासून दीड तासावर उभे आहे आणि आपण त्याच्याकडे नाटकाचे तिकीट काढल्यासारखे बघतो. नट आला नाही, पैसे परत द्या!

हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे. आणि प्रश्नामागे जे बरेच काही दडलेले आहे, त्याविरुद्धही.

प्रथम वस्तुस्थिती. दांडेलीचे अभयारण्य जाहीर झाले ते १० मे १९५६ रोजी. तारीख नीट पाहावी. राज्यपुनर्रचना व्हायला तेव्हा सहा महिने बाकी होते. कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणजे ज्या मुंबई राज्याच्या आठवणी काढून आपली वडीलधारी मंडळी अजूनही सुस्कारे टाकतात, त्या राज्याने जाता जाता आपल्याला दिलेली ही एक ठेव. पुढे खाणी, धरणे, वीजप्रकल्प यांना वाट देता देता तिची हद्द आवळत गेली आणि एका टप्प्यावर अवघे ४७५ चौरस किलोमीटर उरले. १९८७ मध्ये शेजारचे अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. सीमाभागातल्या मराठी माणसाला हद्दी पाठ असतात. ८६५ गावांची यादी झोपेतून उठवले तरी तो म्हणून दाखवील, आणि त्या यादीत हल्याळ, सुपे, खानापूर हे तालुके अभिमानाने घेईल. पण या तालुक्यांतले रान पन्नास-साठ वर्षांत किती उरले, हा प्रश्न आपल्या एखाद्या मेळाव्यात, एखाद्या ठरावात आलेला मला आठवत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो जिंकला आणि त्या दिवशी तिथे फक्त साताठशे रिसॉर्टांच्या पाट्या उरलेल्या असल्या, तर आपण मुलुख जिंकला म्हणायचे की पाट्या?

मी सीमाप्रश्नाची थट्टा करतो आहे असे कुणी समजू नये. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण माती आपली म्हणायची तर मातीवर काय उभे आहे तेही आपले म्हणायला हवे, एवढाच माझा हट्ट आहे.

धारवाड हे मलनाडचे दार. पूर्वेला काळी माती, ज्वारी आणि कापूस. पश्चिमेला कलघटगी-हल्याळच्या वाटेला लागले, की माती तांबडी होते, भातखाचरे सुरू होतात आणि पाहता पाहता झाडे रस्त्यावर वाकतात. ऐन, किंदळ, नाणा, जांभा, बिबला, शिसव, हिरडा. आमच्यासारख्या घरांची एक चैन अशी, की या झाडांना आमच्याकडे दोन दोन नावे असतात. ऐन म्हणजे मत्ती, नाणा म्हणजे नंदी, बिबला म्हणजे होन्ने. गव्याला शेजारीण काडुकोण म्हणते आणि धनेशाला मंगट्टे. मारुती चितमपल्ली मराठीत वाचावेत आणि पूर्णचंद्र तेजस्वी मूळ कन्नडात, हे भाग्य पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही आणि बेंगळुरूच्याही नाही. ज्या घराला दोन भाषांतून रान कळू शकते, त्या घरातल्या पोराला मत्ती दाखवली तर तो म्हणतो, "ट्री." यात पोराचा दोष नाही. त्याच्या बापाने गाडीच्या काचा वर करून गाणी लावलेली असतात.

आता वाघ. काळीच्या रानात वाघ आहे, बिबट्या आहे, काळा बिबट्याही आहे, ज्याला गावकरी सरळ काळा वाघ म्हणतात. पण हे रान दाट आहे. काही भाग पानझडी, काही निमसदाहरित, आणि अणशीच्या बाजूला पावसाचे, घनदाट, सदाहरित. दहा पावलांवर उभा असलेला गवा दिसत नाही, तिथे वाघ काय दिसणार! वाघ दिसत नाही हा या रानाचा दोष नसून रान अजून रान असल्याची ती खूण आहे. उघड्या माळावरच्या पाणवठ्याशी जीपगाड्यांच्या गराड्यात बसलेला वाघ पाहिला म्हणजे जंगल पाहिले, ही समजूत दूरदर्शनच्या पडद्याने आपल्या डोक्यात भरवली. ती काढून टाकायला वेळ लागेल, पण काढावी लागेल.

पाहायचेच असेल तर धनेश पाहावा. दांडेलीच्या लाकूड आगारात संध्याकाळी ते जमतात. गावातल्या माणसाला त्यांचे काही अप्रूप वाटत नाही इतके ते ओळखीचे. उन्हाळ्यात या पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना महिनोनमहिने फळे भरवतो. उंबर, वड, पिंपरण, जे पिकेल ते. तो मेला तर आतली सगळीच संकटात. म्हणजे धनेशाला दोन गोष्टी हव्यात : ढोली पडण्याइतके म्हातारे झाड आणि वर्षभर आळीपाळीने फळणारी नाना जातींची झाडे. आणि वनशास्त्राच्या जुन्या हिशेबात नेमक्या याच दोन गोष्टी कुचकामी होत्या. पोकळ खोडाला भाव नाही, उंबराच्या लाकडाला भाव नाही. इंग्रजांच्या काळापासून इथे मिश्र रान तोडून सागाचे मळे केले गेले. साग इथलाच, परका नव्हे; पण एकट्या सागाच्या रांगा म्हणजे जंगल नव्हे, ते लाकडाचे शेत. रस्त्यावरून मात्र दोन्ही हिरवीच दिसतात आणि आपण "काय दाट जंगल आहे!" म्हणत सागाच्या मळ्याचे फोटो काढतो. २०११ मध्ये दांडेलीत धनेशांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झाले आणि २०१८ पासून त्यांच्या नावाने उत्सवही सुरू झाला. चांगलेच झाले. पण उत्सवाला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ढोलीचे झाड म्हणजे काय हे ठाऊक असते, हे विचारून पाहावे.

रान कुणी संपवले, याचेही एक तयार उत्तर आपल्याकडे असते. गवळ्यांनी, कुणब्यांनी, सरपण तोडणाऱ्यांनी. हल्याळ-यल्लापूर-जोयड्याच्या रानात म्हशी घेऊन राहणारे धनगर गवळी मराठीच बोलतात. त्यांचे पूर्वज सातारा-कोल्हापूरच्या डोंगरांतून चरत चरत इकडे आले. त्यांच्या लोण्याला आपण नावाजतो आणि म्हशींना जंगलाचे शत्रू ठरवतो. इथे एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. दांडेलीला कागद कारखाना आला तो पन्नासच्या दशकात. त्याला या जिल्ह्यातला बांबू सरकारने टनाला दीड रुपया दराने दिला. दीड रुपया! बुरडाला बाजारात त्याच बांबूसाठी किती मोजावे लागत होते याचा विचार करावा. पुढे बांबू ओसरू लागला, बुरूड ओरडू लागले, आणि सत्तरच्या दशकात शास्त्रज्ञ माधव गाडगीळ या प्रश्नाच्या मागे लागले. खात्याचे म्हणणे होते, गावकऱ्यांनी आणि गुरांनी नाश केला. गाडगिळांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटे मोजली, तेव्हा निघाले भलतेच. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी जाळी असते. तिच्यामुळे कोवळे कोंब गुरांपासून, साळिंदरापासून वाचतात. गावकरी बांबू तोडताना ती जाळी तशीच ठेवत. कारखान्याची माणसे मात्र तोड सोपी जावी म्हणून ती साफ करीत, आणि मग उघडे पडलेले कोंब जनावरे खाऊन टाकत. शिवाय खात्याच्या कागदावरचा बांबू रानातल्या बांबूपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होता. हा शोध लागून पन्नास वर्षे होत आली, तरी आपल्या दिवाणखान्यात दोषी अजून गवळीच आहे.

आपण ज्याला साहसी पर्यटन म्हणतो त्याची गंमत तर वेगळीच. गणेशगुडीला काळी नदीत रबरी होड्यांतून उड्या मारायला हुबळीची, बेळगावची, आता पुण्याची पोरे येतात. उन्हाळ्यात घाटावरच्या नद्या आटतात, मग इथे भर एप्रिलात पाणी कुठून येते? वर सुप्याचे धरण आहे, १०१ मीटर उंचीचे, १९८७ मध्ये पुरे झालेले. तिथल्या वीजघरातून सुटलेले पाणी म्हणजे ही "खवळलेली नदी." त्या धरणाखाली सुपे गाव गेले, आसपासची खेडी गेली, कुणबी, मराठे, गवळी उठले आणि रामनगरला, इकडे तिकडे वसले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले. होडीत बसून किंचाळणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. सांगितले म्हणून त्यांची मजा कमी व्हावी असेही नाही. पण बाजूच्या काठावर राहणारा माणूस आपल्याला चहा देताना गप्प का असतो, ते तरी कळेल.

रिसॉर्टांविषयी लिहिताना सावध राहावे लागते, कारण आपल्यातल्याच पुष्कळांची तिथे गुंतवणूक आहे. मी एवढेच म्हणतो : रात्री बारापर्यंत कर्णे लावून नाचायचे असेल तर हुबळीत मंगल कार्यालयांना तोटा नाही. रानाच्या कडेला प्रखर दिवे, डीजे, माकडांना कुरकुरे, नदीकाठी काचांचा खच, आणि सकाळी सफारीच्या जीपमध्ये डुलक्या. अशा माणसाला वाघ दिसला नाही याबद्दल मला वाघाचे अभिनंदन करावेसे वाटते.

आता तिखट प्रश्नाकडे येतो. खानापूर तालुक्यातल्या भीमगडला डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे १९० चौरस किलोमीटर. भीमगड म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांचा किल्ला आठवतो, आणि तो आठवावाच. पण किल्ल्याच्या परिसरातच, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमध्ये एक वटवाघूळ राहते. १९१३ मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली आणि नंतर जवळजवळ सारे शतक ते जगात फक्त याच गुहांमध्ये आहे असे मानले जात होते. अलीकडे कंबोडियात आणि मेघालयात सापडले. वाघाला कायद्याने जे सर्वोच्च संरक्षण आहे तेच या मूठभर प्राण्याला आहे. मराठी मुलुखाच्या टोकावरचे हे वैभव आपल्या पर्यटनाच्या एकाही पत्रकात मी वाचलेले नाही. वटवाघूळ अशुभ ना!

त्याच तळेवाडीतल्या, गवाळीतल्या, कृष्णापुरातल्या मराठी माणसांना आता गाव सोडा म्हणून सांगितले जात आहे. व्याघ्रप्रकल्पांतून उठणाऱ्या कुटुंबाला २०२१ पासून जो १५ लाखांचा दर आहे, तोच इथेही देऊ केला गेला. २०२५ मध्ये तळेवाडीतल्या कुटुंबांच्या हाती पहिला हप्ता पडला. मी गाव सोडणाऱ्यांना नावे ठेवणार नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून चिखलातून मैलोनमैल न्यावे लागते, तिथे लेकरांसाठी कुणी पंधरा लाख घेऊन खाली आला तर त्याला उपदेश करणारे आपण कोण? माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांना रस्ता मागितला तर अभयारण्याचा कायदा आडवा येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमीन मागितली तर कागद अपुरे पडतात. आणि रानाच्या कडेची जमीन शहरातल्या माणसाने विकत घेऊन तिच्यावर तरणतलाव बांधला, तर तो "इको" होतो. रानात पिढ्यानपिढ्या राहिलेल्याने उठायचे आणि शनिवार-रविवार राहायला येणाऱ्याने बसायचे, याला संरक्षण म्हणत असतील तर तो शब्द आपण कोशातून काढून टाकलेला बरा.

आणि पाणी. हुबळी-धारवाडच्या नळाला येणारे पाणी मलप्रभेचे. मलप्रभा उगम पावते ती खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या रानात. त्या रानात पाऊस मुरतो म्हणून सौंदत्तीच्या धरणात पाणी साठते आणि साठते म्हणून माझ्या घरात सकाळी चहा होतो. हे इतके सरळ आहे. तरी धरणात पाणी कमी पडले, की आपण रान राखा म्हणत नाही. पलीकडच्या म्हादईचे पाणी वळवा म्हणतो. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले, त्यातले ३.९ टीएमसी कळसा-भांडुऱ्यासाठी. नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्याने त्यासाठी वर्षानुवर्षे धरणे धरले. त्याच्या तहानेविषयी शंका घेण्याचा अधिकार मला नाही. पण माझ्या शहराच्या तहानेविषयी आहे. २००८ पासून याच हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत जुने नळ बदलून, गळती थांबवून, मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. देशभरची मंडळी तो बघायला आली. मग सबंध शहराची गळती थांबवण्याआधी भीमगडच्या पायथ्याशी खोदायची घाई कशासाठी? मोर्चात हा प्रश्न मी विचारला तेव्हा शेजारी म्हणाले, "तुम्ही गोव्याचे का?" मी मालमड्डीचा आहे.

हुबळी-अंकोला रेल्वेची कथाही याच जातीची. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुबळीला जंक्शन केले, कॅसलरॉकवरून मुरगावला वाट झाली, तेव्हापासून घाट ओलांडून दुसऱ्या बंदराला जाण्याचे स्वप्न इथल्या व्यापाऱ्याला पडते आहे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी कोनशिला बसली. मार्ग सुमारे १६५ किलोमीटरचा, त्यात जवळजवळ ५९५ हेक्टर रान जाणार आणि दोन लाखांहून जास्त झाडे. २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता देताच प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तिकडे कॅसलरॉक ते कुळे या मार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. चेंबरची मंडळी म्हणतात, चार झाडांसाठी उत्तर कर्नाटकाचा विकास अडला. चार? दोन लाखांना चार म्हणणाऱ्या हिशेबनिसाला त्यांनी आपल्या दुकानात ठेवले असते का?

आपल्या शहराला प्राण्यांचे प्रेम नाही असे नव्हे. हुबळी-धारवाड दरम्यान वेगवान बसचा रस्ता करताना दुतर्फा जुनी झाडे आडवी झाली आणि त्या रस्त्यावर ज्या बसगाड्या धावतात त्यांचे नाव ठेवले "चिगरी." चिगरी म्हणजे काळवीट. नाव गोड आहे, बसही थंडगार आहे. खरे काळवीट पाहायचे तर राणीबेन्नूरला जावे. १९७४ पासून तिथे अभयारण्य आहे, ११९ चौरस किलोमीटरचे, १९९७ पर्यंत ते आपल्याच धारवाड जिल्ह्यात होते. तिथला माळ गवताचा. काळविटाला आणि माळढोकाला गवतच हवे असते. आपल्या खात्याने त्यावर निलगिरी लावली. काळवीट कसेबसे जुळवून घेऊन वाढले. माळढोक गेला तो गेलाच.

निलगिरीवरून आठवले. हे शहर नेहमीच असे बधिर नव्हते. १९८४ मध्ये सरकारने ३० हजार हेक्टर गायरान-पड जमीन निलगिरीसाठी एका संयुक्त कंपनीला द्यायचे ठरवले, तेव्हा धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी हानगल तालुक्यातल्या कुसनूरला शेतकऱ्यांनी निलगिरीची रोपे उपटून आपल्या उपयोगाची झाडे लावली. शिवराम कारंतांसारखा ऐंशी ओलांडलेला लेखक त्या सत्याग्रहात उभा होता. १९९१ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. ही लढाई आपल्या अंगणातली होती, आणि जिंकलेली होती. आपल्या मराठी मंडळांची त्या वर्षीची इतिवृत्ते मी अलीकडे चाळली. त्यांत कोजागरी आहे, नाट्यस्पर्धा आहे, हळदीकुंकू आहे. कुसनूर नाही. कन्नडिगांची चळवळ म्हणून आपण लांब राहिलो असू, तर त्या निलगिरीने पाणी ओढताना विहीर कुणाच्या भाषेची आहे हे काही पाहिले नव्हते.

यंदा आमच्या मंडळाच्या सहलीसाठी मी एक लेखी सूचना दिली आहे. दांडेलीला जायचे ते कुळगीला, तीस-तीस माणसांच्या गटांनी. कर्णा नाही, प्लॅस्टिक नाही. वनखात्याने आखलेल्या पायवाटेवर चालायचे आणि वाटाड्या म्हणून जोयड्याचा कुणबी किंवा हल्याळचा गवळी घ्यायचा, त्याला खात्याच्या शुल्काखेरीज दिवसाची नीट मजुरी द्यायची. मुलांनी वीस झाडांची नावे दोन्ही भाषांत लिहून आणायची. सहलीच्या वर्गणीतला काही भाग वनहक्काचे अर्ज अडलेल्या गावकऱ्यांच्या कोर्टकामाला द्यायचा. समितीत दोन आक्षेप आले. एक, मुले कंटाळतील. दोन, कोर्टकामाचा मुद्दा राजकीय आहे. पहिल्याला मी म्हणालो, मुलांना विचारून पाहा. दुसऱ्याला म्हणालो, सीमाप्रश्नाच्या दाव्याला आपण दरवर्षी वर्गणी देतो ती काय अध्यात्म म्हणून? विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. सभा तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला आहे. धारवाड-हुबळीच्या सभासदांनी हजर राहावे. गणसंख्येअभावी असले विषय बारगळतात, हा आजवरचा अनुभव आहे.